गाडीला बारा महिने, नर्सला बारा तासही नाहीत

या ग्रुपवर आपण बहुतेक जण वाड्यांच्या, सुरसागरच्या, दांडिया बाजारातल्या गणपतीच्या आठवणी लिहितो. मीही मागे दोनदा लिहिल्या आणि तुम्ही गोड मानून घेतल्यात. आज आठवणीबरोबर भांडणही लिहितोय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मला न ओळखणाऱ्यांसाठी थोडी ओळख. आमचे पणजोबा सयाजीरावांच्या काळात खानगी खात्यात कारकून म्हणून बडोद्याला आले, आणि आम्ही इथलेच झालो. मी १९७२ ला एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. झालो, पुढच्या वर्षी बँकेत लागलो, २०११ ला ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. ३८ वर्षांत नऊ बदल्या, पाच राज्यं. प्रत्येक वेळी सामानाची बोंब, मुलाच्या शाळेची बोंब, गॅस कनेक्शनची तर महाबोंब. पण माझ्या नोकरीची बोंब एकदाही झाली नाही. जुन्या शाखेतून रिलीव्हिंग लेटर घ्यायचं, नव्या शाखेत जॉइनिंग रिपोर्ट द्यायचा, आणि दुपारपर्यंत स्ट्राँगरूमची किल्ली हातात. सर्व्हिस फाइल मागाहून टपालाने यायची. तिची काळजी दोन शाखांनी करायची, मी नाही. ‘तुमचं बी.कॉम. या राज्यात चालतं का?’ असं मला कोणी विचारलं नाही.

हे सांगायचं कारण माझी सून.

सूनबाई नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग, नऊ वर्षं आयसीयूचा अनुभव. तीही आपल्यासारख्याच, महाराष्ट्राबाहेर तीन पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली. त्या राज्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथले लोक इथेही आहेत, त्यांना वाटेल मी त्यांच्या गावाला बोल लावतोय. मुलगा तिथेच नोकरीला होता, लग्न झालं, दोघांचं छान चाललं होतं. २०२२ च्या मे महिन्यात आमच्या सौ.ना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. मी सत्तरी ओलांडलेला, मला त्यांना पलंगावर कुशीवर वळवतासुद्धा येईना. मुलाने बदली मागून घेतली. सून म्हणाली, “बाबा, मी दुसऱ्यांच्या आयांना सांभाळते आणि आपल्या आईंना आया ठेवायची, हे मला जमणार नाही.” चांगली नोकरी सोडून ती जूनमध्ये बडोद्याला आली.

आमचा, म्हणजे माझाच, समज असा की नर्सला काय, कुठेही हॉस्पिटलं आहेत. ती उद्या अर्ज करेल, परवा कामाला लागेल.

तेव्हा कळलं ते असं. आपल्याकडे नर्सची नोंदणी राज्यवार असते. प्रत्येक राज्याचं आपलं नर्सिंग कौन्सिल. ज्या राज्याच्या नोंदवहीत तुमचं नाव नाही, तिथे तुम्हाला नर्स म्हणून काम करता येत नाही. मग तुम्ही जुन्या राज्यात नऊ वर्षं काढलेली असोत की एकोणतीस. राज्य बदललं की जुन्या कौन्सिलकडून ना हरकत, म्हणजे एनओसी, मागायची, आणि तिच्या आधारावर नव्या राज्यात पुन्हा नोंदणी करायची. तिच्याकडे देशपातळीवरचा एनयूआयडी नंबरही होता, आधारशी जोडलेला. मला वाटलं, हा म्हणजे आपल्या पीएफच्या यूएएन सारखा, नोकरी बदलली तरी तोच. तो होता आणि तरी एनओसी लागणारच होती.

ठीक आहे, मागू. जुलैमध्ये अर्ज गेला. बारावीचं मार्कशीट, चारही वर्षांची मार्कशीटं, डिग्री, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, नूतनीकरणाची पावती, अनुभवाचं पत्र, फोटो, आणि फीचा डीडी. डीडी मी स्वतः काढून आणला, आमच्याच बँकेतून, जुन्या कॅशियरने उठून खुर्ची दिली वगैरे. अर्जावर पहिली हरकत आली ती नावाची. प्रमाणपत्रांवर मधलं नाव वडिलांचं, आधारवर नवऱ्याचं, आडनाव बदललेलं. आपल्याकडे हे घरोघरी आहे, आणि लग्न झालेल्या मुलींनीच भरलेल्या व्यवसायात हे रोज येत असणार. तरी त्याची काही ठरलेली रीत नाही, प्रत्येकीने नव्याने प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि नोटरी. तेही केलं. मग दुसरी हरकत आली, ज्या कॉलेजात शिकलात तिथून पडताळणीचं पत्र आणा. आता गंमत बघा. ज्या कागदांवरून या कौन्सिलने दहा वर्षांपूर्वी तिचं नाव आपल्या नोंदवहीत घातलं, तेच कागद खरे आहेत का, हे आज ते तिलाच विचारत होते. म्हणजे मी एखाद्याचं खातं उघडायचं, दहा वर्षं त्याचे चेक पास करायचे, आणि खातं दुसऱ्या शाखेत न्यायला आला की म्हणायचं, आधी सिद्ध करा की तुमचं खातं आमच्याकडे होतं.

मुलगा एकदा दोन रात्रींचा प्रवास करून गेला. साहेब रजेवर होते. त्याबद्दल आणखी काय लिहायचं.

नोव्हेंबरमध्ये तिकडून पत्र आलं की तुमचा डीडी बाद झाला, नवीन पाठवा. मंडळी, डीडीची मुदत तीन महिने असते, २०१२ पासून. आधी सहा होती. हा नियम मी निवृत्तीनंतरही पाठ म्हणून दाखवू शकतो. माझ्यासारख्या बँकवाल्याचा डीडी दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पडून पडून बाद व्हावा आणि दंड आमच्याच वेळेला बसावा! त्या दिवशी मी घरात जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सौ.ना तेव्हा बोलता येत नव्हतं, पण त्या हसल्या. झटक्यानंतर पहिल्यांदा.

आता माझी चूक सांगतो. डिसेंबर उजाडला, सून घरात बसून. मुलाच्या पगारातून औषधं, फिजिओ, सगळं. ओळखीच्या एका नर्सिंग होममधून निरोप आला, सिस्टर हव्यात, रजिस्ट्रेशन येईपर्यंत चालवून घेऊ. मीच म्हणालो, “घरी बसण्यापेक्षा बरं. जा.” तिला ते पटलेलं नव्हतं. माझ्या शब्दासाठी गेली.

आधीच्या नोकरीत पगार ३४ हजार. इथे ११ हजार. रजिस्टरमध्ये लिहिलं ‘अटेंडंट’. तोंडाने हाक मात्र ‘सिस्टर’, आणि कामही सिस्टरचंच. रात्रपाळी, सलाईन, इंजेक्शनं, ऑपरेशननंतरचे पेशंट, सगळं. केसपेपरवर सही कोणाची? तिची चालत नाही, कारण तिचं नाव राज्याच्या नोंदवहीत नाही. तर दिवसपाळीला एक नोंदणी असलेली नर्स होती, ती सकाळी येऊन रात्रीच्या सगळ्या नोंदींवर सही करायची. एका रात्री एका म्हाताऱ्या पेशंटचं ऑक्सिजन उतरायला लागलं. सुनेने डॉक्टरांना फोन करून उठवलं, ते येईपर्यंत पेशंट सावरून धरला, तो वाचला. सकाळी डॉक्टरांनी कौतुक केलं. केसपेपरवर सही दुसरीची झाली.

ती घरी येऊन रडली. मी विचारलं, अगं पेशंट वाचला ना? ती म्हणाली, “बाबा, वाचला म्हणून ठीक आहे. गेला असता तर मी तिथे कोण होते?”

मी ३८ वर्षं बँकेत काढली. दुसऱ्याच्या सहीने व्हाउचर पास करणं म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको. एक रुपयाचं व्हाउचर असलं तरी नोकरी जाते. आणि इथे माझ्याच सांगण्यावरून माझी सून रोज रात्री माणसांच्या जिवाची व्हाउचरं परक्या सहीवर पास करत होती. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन तिची नोकरी सोडवून आलो. नर्सिंग होमचे मालक चकित झाले. म्हणाले, “काका, सगळीकडे असंच चालतं.” तेच तर म्हणतोय मी. जिची नोंदणी अडकलेली आहे ती नर्स कोणालाही स्वस्तात मिळते. तिला तक्रार करता येत नाही, कारण तिचं तिथे असणंच कागदावर चूक आहे. एनओसी जितकी लांबेल तितका अशा मालकांचा फायदा.

एनओसी २०२३ च्या जूनमध्ये निघाली. अकरा महिने. ती आमच्या हातात देत नाहीत, कौन्सिलकडून कौन्सिलला जाते. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट तसंच असावं. इकडची नोंदणी ऑगस्टअखेर झाली. इथल्या खिडकीवरच्या बाई बिचाऱ्या नीट बोलल्या, त्यांच्याकडे कागदच उशिरा आला तर त्या काय करणार. पण मधल्या काळात एका मोठ्या संस्थेत स्टाफ नर्सची पक्की भरती निघाली होती. अट अशी की अर्जाच्या शेवटच्या तारखेला या राज्याची नोंदणी हातात हवी. एनओसीसाठी अर्ज केल्याची पावती चालणार नाही. ती तारीख गेली, आणि पुढच्या भरतीपर्यंत वयाची मर्यादाही गेली. हे नुकसान कोणत्या लेजरमध्ये लिहायचं ते मला कोणी सांगा.

माझ्या एका मित्राने, तोही निवृत्त अधिकारीच, मला ऐकवलं, “अरे, बोगस सर्टिफिकेटांचा सुळसुळाट आहे. तपासायला नको का?” नको कशाला? हवंच. मी केवायसी केल्याशिवाय सख्ख्या मेहुण्याचं खातं उघडलं नव्हतं, तो अजून बोलत नाही. जी माझ्या बायकोला इंजेक्शन देणार ती खरी नर्स आहे का, हे तपासलंच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की तपासायचं कोणी, कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत.

जुन्या लोकांना टीटी आठवत असेल, टेलिग्राफिक ट्रान्सफर. सत्तरच्या दशकात एका गावच्या शाखेतून दुसऱ्या गावच्या शाखेला तार जायची, अमक्याला इतके हजार द्या. तार खोटी नाही कशावरून? तर तारेत एक आकडा असायचा, टेस्ट नंबर. तो ठरवायची किल्ली दोन्ही शाखांच्या ऑफिसरकडे कुलपात. आकडा जुळला की पैसे दिले, बहुतेक वेळा त्याच दिवशी. ग्राहकाला कोणी म्हणालं नाही की जा, त्या शाखेतून तार खरी असल्याचा दाखला घेऊन ये. शंका बँकेची, तर निरसनही बँकेने करायचं. तारेच्या जमान्यात जे एका दिवसात जमत होतं, ते इंटरनेटच्या जमान्यात दोन सरकारी मान्यतेच्या कौन्सिलांना अकरा महिन्यांत जमत नाही, याला मी अडचण म्हणायला तयार नाही. मनावर घेतलेलं नाही, एवढंच.

कोणी म्हणेल, बँक एकच होती, हे दोन वेगळे कौन्सिल. बरं. मग वकील घ्या. वकिलाची सनदसुद्धा राज्याच्या बार कौन्सिलकडून मिळते. पण १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३० सांगतं की त्याला देशभर वकिली करता येते. ते कलम लागू व्हायला २०११ साल उजाडलं, म्हणजे वकिलांनाही पन्नास वर्षं थांबावं लागलं, पण झालं. चार्टर्ड अकाउंटंट तर १९४९ पासून एकाच संस्थेचा सभासद, एकच नंबर, बडोद्यात सही करा की गुवाहाटीत. मोबाइलचा नंबर २०१५ पासून राज्य ओलांडतो. डॉक्टरांनाही राज्य बदललं की कौन्सिलची कटकट आहेच, पण २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनी त्यांना निदान एवढी मोकळीक दिली की चेन्नईत बसलेला डॉक्टर बडोद्यातल्या पेशंटला फोनवर तपासून औषध लिहून देऊ शकतो. आणि त्याच पेशंटच्या उशाशी उभी असलेली, दुसऱ्या राज्यात नोंदलेली नर्स ते औषध टोचू शकत नाही.

सगळ्यात झोंबलं ते गाडीचं. मुलाने तिकडची गाडी आणली. तिला नवीन नंबर कधी घ्यायचा म्हणून मी चौकशी केली. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ नव्या राज्यात राहिली तरच नव्या नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. तोपर्यंत जुन्या नंबरावर खुशाल चालवा. त्या गाडीतून सून रोज जुन्या राज्याची पाटी लावून दवाखान्यांच्या दारांवरून जात होती.

आणि कायदा काही नर्सच्या विरुद्ध आहे असंही नाही. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्यातच लिहिलेलं होतं की मान्यताप्राप्त पात्रता ही कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालायला पुरेशी आहे. कोणत्याही राज्याच्या. २०२३ साली संसदेने नर्सिंग आणि मिडवायफरीसाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला, त्यात देशपातळीवरच्या नोंदवहीची तरतूद आहे. छान. पण नोंदवही देशाची आणि कामाची परवानगी राज्याची असं राहिलं तर त्या नोंदवहीचा उपयोग फक्त मोजणीला.

माझं मागणं फार नाही. जुन्या राज्याची नोंदणी चालू असेल तर नव्या राज्यात अर्ज केल्याच्या दिवसापासून तात्पुरती परवानगी मिळावी, गाडीसारखी बारा महिन्यांची. पडताळणी कौन्सिलांनी आपसात करावी, ठरलेल्या दिवसांत. नाही केली तर परवानगी आपोआप पुढे चालू. आणि भरतीत अर्जाची पावती ग्राह्य धरावी. या मागण्यांचं पत्र मी तीन ठिकाणी रजिस्टर्ड एडीने पाठवलंय. दोन पोचपावत्या आल्या, उत्तर एकाचंही नाही. ७४ वर्षांचा आहे, पण स्मरणपत्रं लिहायची सवय जुनी आहे.

आता थोडं आपल्या माणसांना. आपण सगळे बाहेर स्थायिक झालेले. आपल्या सोयरिकी बडोदे ते इंदूर, बेळगाव ते हैदराबाद, ग्वाल्हेर ते पणजी अशा होतात. राज्याची सीमा आपल्या मुली जितक्या ओलांडतात तितक्या क्वचित कोणी ओलांडत असेल. माझी आत्या मुंबईला नर्सिंग शिकून १९५६ साली बडोद्यात कामाला लागली. तेव्हा दोन्ही एकाच मुंबई राज्यात, तिला कोणी काही विचारलं नाही. १ मे १९६० नंतर तेच अंतर परदेशासारखं झालं. डॉ. रखमाबाई लंडनला शिकून सुरतेला आणि मग राजकोटला अनेक वर्षं डॉक्टरकी करत राहिल्या, हे आपण कार्यक्रमांत टाळ्या घेत सांगतो. आणि घरात? लग्न ठरताना मुलाच्या पगाराची स्लिप बघतो, मुलीच्या नोंदणीचं काय होणार हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. ‘नर्सच तर आहे, लागेल कुठेतरी’ हे वाक्य मी या ग्रुपवरच्या तीन लोकांच्या तोंडून ऐकलंय, पहिला मी स्वतः. आणि घरी पेशंटसाठी माणूस ठेवताना नोंदणी नसलेली सिस्टर स्वस्तात मिळाली म्हणून खूश होणारेही आपणच. दोन्हीकडून तिलाच कापायचं.

सून आता इथल्या एका हॉस्पिटलात रीतसर स्टाफ नर्स आहे. पगार २८ हजार. जुन्या नोकरीपेक्षा कमी, कारण मधली चौदा महिन्यांची पोकळी अनुभवात धरली जात नाही. सौ. काठी घेऊन हॉलपर्यंत चालतात, त्यातलं बरंचसं श्रेय तिचं.

परवा माझ्या चुलतभावाचा फोन आला. त्याची मुलगी नर्स, इंदूरला नोकरीला. हैदराबादच्या मुलाशी लग्न ठरलंय, फेब्रुवारीचा मुहूर्त, हॉल बुक करायला निघालो होतो म्हणाला. मी विचारलं, एनओसीचा अर्ज केला का? तो म्हणाला, “दादा, आधी लग्न तर होऊ द्या.” मी म्हटलं, हॉल कुठलाही मिळेल. उद्या सकाळी आधी तिच्या नोंदणीची मुदत बघ, नूतनीकरण बाकी असेल तर ते कर, प्रमाणपत्रांवरचं नाव आणि आधारवरचं नाव सारखं असताना, म्हणजे लग्नाच्या आधीच, अर्ज टाक. आणि फी ऑनलाइन भरता येत असेल तर ऑनलाइनच भर, डीडी काढू नकोस.